पुसाहून गेलेला वळू

दिल्लीत नव्याने आलेल्या माणसाला ‘पुसा’ हा शब्द प्रथम बसच्या पाटीवर भेटतो. नोकरी लागली तेव्हा मी करोलबागेजवळ एका खोलीत राहत होतो आणि रोज सकाळी पुसा रोडवर कचेरीच्या बसची वाट पाहत उभा असे. मराठी डोळ्यांना त्या पाटीवर एक आज्ञा दिसे : पुसा! विचारा! काय विचारायचे आणि कोणाला, हे मात्र पाटी सांगत नसे. आणि कारकुनाला विचारण्यापेक्षा नोंदवण्याचीच सवय अधिक. त्यामुळे ती कोटी मनातल्या मनात करून मी बसमध्ये चढत असे.

पुढे कळले की हे नाव मूळचे दिल्लीचे नव्हेच. बिहारमधल्या पुसा नावाच्या गावी १९०५ साली सरकारने शेतीसंशोधनाची एक मोठी संस्था उभारली होती. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात तिची इमारत ढासळली, आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलवण्यात आली. बदली झालेला माणूस जसे घरातले देव बरोबर घेऊन येतो, तसे तिने आपल्या गावाचे नाव बरोबर आणले. गाव बिहारातच राहिले. नाव दिल्लीकर झाले.

माझ्या कामाचा संबंध जनावरांशी येतो, पण तो कागदावरचा. परदेशांतून येणाऱ्या पशुधनाचे अर्ज, प्रमाणपत्रे आणि परवाने आमच्या टेबलांवरून पुढे सरकतात. तक्त्यात जनावराची जात असते, वय असते, रोगमुक्ततेचा दाखला असतो आणि ‘संख्या’ या रकान्यात आकडा असतो. काही जुने सहकारी बोलताना या संख्येला ‘नग’ म्हणतात. नग चार, नग बारा. या शब्दाचे मला कधी काही वाटले नव्हते. जनावरांच्या जातींविषयीचे एक जुने पुस्तक चाळत असताना जमैकाच्या एका गाईच्या वर्णनात अचानक ‘पुसा’ हे नाव दिसले, आणि वाटू लागले. कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत पुसाहून साहिवाल जातीचा एक वळू नेण्यात आला होता. नग एक.

त्या एका नगाच्या मागे मी वर्षभर आहे. कचेरी सुटल्यावर ग्रंथालयात बसून जे मिळेल ते वाचतो. त्या वाचनात वळू मिळाला, पण त्याच्याआधी मुंगूस भेटले.

जमैका हे उसाचे बेट. उसात उंदीर माजले की मळेवाल्यांचे नुकसान होई, आणि त्यावर उपाय म्हणून नवनवे प्राणी आणण्याचा त्यांचा प्रघात होता. १७६२ मध्ये क्यूबाहून एका जातीच्या मुंग्या आणल्या. त्या उंदरांना भारी पडण्याऐवजी माणसांनाच उपद्रव देऊ लागल्या. १८४४ मध्ये मोठे बेडूक आणले. उंदीर होते तसेच राहिले. मग १८७२ मध्ये पोर्टलंड परगण्यातल्या स्प्रिंग गार्डन येथील एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून मुंगसे मागवली. चार नर, पाच माद्या. नग नऊ.

इंग्रजीत या प्राण्याला जे नाव आहे ते आपल्या मराठी ‘मुंगूस’ शब्दावरून गेलेले आहे, असे कोशकार सांगतात. तेव्हा प्राणी जरी कलकत्त्याच्या बंदरातून चढला, तरी त्याचे नाव आपल्याकडचे होते. आपल्या भाषेचा एक शब्द इतक्या दूर जाऊन नांदला याचा मला आधी अभिमान वाटला. पुढचे वाचल्यावर तो ओसरला. आरंभी उंदीर कमी झाले. मळेवाला खूश झाला. त्याने १८८२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक मंडळापुढे आपला अनुभव मांडला. शेजारच्या बेटांवरून मागण्या आल्या. जमैकाच्या मुंगसांची संतती १८८३ मध्ये थेट हवाई बेटांपर्यंत पोचली. परंतु मुंगूस दिवसा हिंडणारा आणि उंदीर रात्री. शिवाय काही उंदीर झाडांवर राहायला गेले. मुंगसाने मग जे जमिनीवर सापडेल ते खाल्ले : पक्ष्यांची अंडी, साप, सरडे आणि गरिबांच्या कोंबड्या. १८९० मध्ये सरकारला त्याच्या उपद्रवाची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. भीक नको पण कुत्रे आवर, अशी अवस्था झाली. आणि हे कुत्रे आवरणारे कोणी नव्हते.

जमैकाची एक मोठी घोरपडीसारखी सरड्याची जात आहे, इग्वाना. १९४० च्या दशकानंतर ती नामशेष झाली असे मानले जात होते. १९९० मध्ये हेल्शायरच्या टेकड्यांत एका शिकाऱ्याच्या कुत्र्याने एक इग्वाना पकडून आणला, तेव्हा काही उरले आहेत हे कळले. तेव्हापासून त्यांची पिले किंग्स्टनच्या होप येथील प्राणिसंग्रहालयात नेऊन वाढवतात, आणि मुंगसाला भारी पडतील इतकी मोठी झाली की पुन्हा रानात सोडतात. नऊ नगांची ही किंमत दीडशे वर्षांनंतरही त्या देशाला फेडावी लागत आहे.

लहानपणी आपण सर्वांनी एक गोष्ट ऐकलेली असते. पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवणारे मुंगूस, रक्ताने माखलेले त्याचे तोंड, आणि पाणी घेऊन परतलेल्या आईने त्याच्यावर आपटलेली घागर. अविचाराने नंतर पश्चात्ताप होतो, हे तिचे तात्पर्य आम्ही शाळेत लिहीत असू. जमैकातही अविचार माणसाचाच होता. मुंगसाने तिथे काही वेगळे केले नाही. ते मुंगसासारखे वागले. त्याच्याकडून फक्त उंदीर खाण्याची अपेक्षा करणे हा माणसाचा भ्रम होता.

मुंगसापाठोपाठ माझ्या वाचनात म्हशी आल्या. त्रिनिदाद बेटावर ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले हिंदी मजूर उतरले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. गिरमिटावर अंगठा उठवून ती नेण्यात आली. ही वाहतूक १९१७ मध्ये थांबली. माणसांच्या मागून जनावरे गेली. गाड्या ओढणाऱ्या बैलांत क्षयाचा प्रादुर्भाव होत असल्याने विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९४९ पर्यंत मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून म्हशी नेल्या. त्या कळपांत मुऱ्हा होत्या, सुरती होत्या, जाफराबादी होत्या, आणि नागपुरीही होत्या. हे वाचताना मी पुस्तक क्षणभर मिटले. लांब, मागे वळलेल्या तलवारीसारख्या शिंगांची ती म्हैस आमच्या विदर्भातल्या प्रत्येक गावच्या तळ्यात बसलेली मी पाहिली आहे. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ अशी आपल्याकडे म्हण आहे. या म्हशीचे मोल सात समुद्रांपलीकडे कोणी करत होता, याची त्या तळ्याला गंधवार्ता नसेल.

पण म्हशींची गोष्ट मुंगसासारखी झाली नाही. मळ्यांत ट्रॅक्टर आले, ओढकामाच्या जनावरांची गरज सरली, आणि म्हशी नुसत्या उरल्या. तेव्हा स्टीव्ह बेनेट या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. कोणती लवकर वाढते, कोणती बांध्याने भरीव आहे, कोणती स्वभावाने गरीब आहे, हे हेरून त्यांनी निवड केली. सहा प्रांतांच्या म्हशी एकत्र नांदल्या आणि त्यांतून मांसासाठी वाढवायची एक नवी जात निघाली. तिचे नाव त्यांनी ‘बफेलिप्सो’ ठेवले : अर्धी बफेलो, अर्धे कॅलिप्सो, म्हणजे त्या बेटाचे लोकगीत. मांसाचा उल्लेख आपल्यातील काहींना रुचणार नाही. पण नाव ठेवण्यात एक आपलेपणा आहे, एवढे कोणीही मान्य करील. घरचे झाल्यावाचून कोणी कोणाचे नाव गाण्यावरून ठेवत नाही. पुढे त्या कळपांत गर्भपाताचा सांसर्गिक रोग शिरला आणि त्यांची परदेशी पाठवणी थांबली, हाही त्या कथेचाच भाग आहे. घरच्या माणसांनाही आजार होतात.

याच समुद्रात हैती नावाचा देश आहे. तिथे काळ्या, बुटक्या, काटक डुकरांची एक जात होती. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत या बेटावर आणलेल्या डुकरांची ती वंशज समजली जाई. शेतकरी त्यांना घरातला उष्टा-खरकटा आणि गळून पडलेली फळे घाली, आणि ती वर्षभर वाढत. मुलाची शाळेची फी, मुलीचे लग्न, घरातले आजारपण अशा वेळी डुक्कर विकले जाई. ती शेतकऱ्याची पेढी होती. १९७८ मध्ये शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात आणि त्याच्या पाठोपाठ हैतीत आफ्रिकी स्वाइन फीव्हर आला. रोग अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोचू नये म्हणून, अमेरिकेच्या पुढाकाराने, १९८३ पर्यंत हैतीतली डुकरे सरसकट मारण्यात आली. रोगी डुकरे आणि निरोगी डुकरे यांत भेद केला नाही. बदली म्हणून अमेरिकेच्या आयोवा राज्यातून पांढरी, धष्टपुष्ट डुकरे पाठवण्यात आली. त्यांना राहायला पक्की फरशी लागे, प्यायला स्वच्छ पाणी लागे, खायला विकतचे खाद्य लागे. ज्यांच्या स्वतःच्या घराला पक्की जमीन नव्हती, त्या शेतकऱ्यांनी या पाहुण्यांना चार पायांचे राजपुत्र म्हटले. पेढी बुडाली ती बुडालीच.

इथे मला थांबावे लागते, कारण हैतीतली ही हकीकत वाचताना मी हैतीत नव्हतो. मी वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गोठ्यात होतो.

आमच्या घरी दोन गवळाऊ गाई होत्या. पांढऱ्याशुभ्र, उंच पायांच्या, चालायला चपळ. दूध बेताचेच देत. पण त्यांचे गोऱ्हे शेतीला उत्तम. माझी कॉलेजची पहिल्या वर्षाची फी एका गोऱ्ह्याच्या विक्रीतून भरली गेली होती. त्याच वर्षी गावात एक योजना आली. निम्मे अनुदान, निम्मे कर्ज आणि दारात संकरित जर्सी गाय. दिवसाला बारा लिटर दूध असे पत्रकात छापले होते. घरात शिकलेला मी एकटा. अर्ज मी भरला. बाबा म्हणाले, “बाबू, आपल्या गावचं ऊन तिले झेपन का?” मी म्हणालो, “बाबा, सरकार काही विचार करूनच देत असेल.” गोठ्यात जागा व्हावी आणि आपल्या वाट्याची रक्कम उभी राहावी म्हणून दोन्ही गवळाऊ विकल्या. आठवडी बाजारात त्यांचे दावे दुसऱ्याच्या हाती देताना बाबा माझ्याकडे पाहत नव्हते.

नवी गाय देखणी होती. पहिल्या थंडीत तिने खरोखर नऊ-दहा लिटर दूध दिले, आणि मी पत्रकावर विश्वास ठेवल्याबद्दल स्वतःवर खूश झालो. पण तिला नुसते कुटार चालेना. सरकीची ढेप विकत आणावी लागे, आणि ढेपेचा भाव दुधाच्या भावाच्या पुढे पळे. मार्च संपला तशी ती तोंड उघडे टाकून धापा टाकू लागली. आई गोठ्याला ओली गोणपाटे बांधी. विहिरीचे पाणी आटत चालले होते; माणसांना पुरत नव्हते, तरी बाबा तिच्या अंगावर बादल्या ओतीत. दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, ती गेली. कर्जाचे हप्ते पुढे तीन वर्षे चालले. बाबांनी मला त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही, आणि त्यांचे ते न विचारणे आजवर माझ्याबरोबर आहे.

गाय वाईट नव्हती. योजना आखणाऱ्यांच्याही मनात वाईट काही असेल असे मला वाटत नाही. प्रश्न बाबांनी विचारला होता, आणि त्याला उत्तर देण्याची घाई मी केली होती.

म्हणूनच पुसाहून गेलेल्या वळूची गोष्ट मला इतकी जवळची वाटते. जमैकाच्या सरकारी होप फार्मवर जो प्रश्न होता तो अगदी बाबांचाच होता. युरोपातल्या गाई दूध भरपूर देत, पण त्या बेटाचे ऊन, गोचीड आणि निकस गवत त्यांना सोसत नसे. उष्ण देशाची जनावरे तगत, पण दूध थोडे देत. या पेचावर ज्याने आयुष्य खर्च केले तो थॉमस फिलिप लेकी हा काळा जमैकन तरुण १९०४ मध्ये जन्मला होता. आणि योगायोग असा, की त्याचे स्विफ्ट रिव्हर हे गाव त्याच पोर्टलंड परगण्यातले, जिथे नऊ मुंगसे उतरली होती. तो डोंगरातल्या लहान शेतकऱ्यांमधून आला होता. मोठ्या अंगाची, खादाड गाय त्या चढणींवर आणि त्या दारिद्र्यात टिकणार नाही, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्याला गाय हवी होती ती अशा माणसाच्या दारात उभी राहण्यासाठी. पुढे कॅनडात आणि एडिंबरोला जाऊन त्याने डॉक्टरेटपर्यंत शिक्षण घेतले, आणि परत त्याच गोठ्यात आला.

त्याने घाई केली नाही. लहान अंगाची जर्सी त्याने मुख्य धरली. तिच्यात पुसाच्या साहिवाल वळूचे रक्त मिसळले होते, थोडे होल्स्टीनचे. मग एकेका कालवडीची वाढ, एकेका वेताचे दूध, कोणत्या वळूच्या मुली उन्हात तगतात, याच्या नोंदी पिढ्यान्पिढ्या ठेवल्या. गाईची एक पिढी म्हणजे माणसाची चार-पाच वर्षे. आणि पिढ्या मोजायच्या तर माणसाने म्हातारे व्हायची तयारी ठेवली पाहिजे. १९५२ मध्ये ‘जमैका होप’ ही स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. तिच्यात सुमारे ८० टक्के जर्सी, १५ टक्के साहिवाल आणि ५ टक्के होल्स्टीन आहे. ते १५ टक्के म्हणजे आपला तो नग एक. वळू पुसाहून गेल्यापासून जात मान्य होईपर्यंत तीसहून अधिक वर्षे गेली होती. लेकी १९९४ पर्यंत जगले. जमैकाच्या तांबड्या, काळ्या आणि वशिंडाच्या ब्राह्मण जातींच्या घडणीतही त्यांचा हात होता. एका कारकुनाच्या मनात मात्र ठसतात त्या त्यांच्या नोंदी. मीही आयुष्यभर नोंदीच करणार आहे. पण कोणते जनावर कोठे गेले एवढेच माझ्या वहीत असते, ते तिथे कसे राहिले हे नसते.

या कथेचा शेवट गोड करून सांगणे मला जमले असते, तर बरे झाले असते. १९९० च्या दशकाच्या आरंभी जमैकाला आपली बाजारपेठ परदेशी मालाला खुली करावी लागली. परदेशांतून अनुदानाच्या जोरावर स्वस्त झालेली दुधाची भुकटी आली. तीस-चाळीस वर्षे खपून घडवलेल्या गाईचे दूध शेतकऱ्यांना ओतून द्यावे लागले, आणि कित्येकांनी कळप विकले. ऊन, गोचीड आणि डोंगर यांना न हरलेली गाय भुकटीच्या पोत्यापुढे हरली. तरी ती नाहीशी झाली नाही. त्या बेटावर तिचे कळप आजही आहेत. मुंगसेही आहेत. आयातीच्या तक्त्यात दोघांच्या नोंदी सारख्याच दिसल्या असत्या : जात, मूळ देश, संख्या.

गेल्या हिवाळ्यात बाबा दिल्लीला आले होते. संध्याकाळी फिरायला म्हणून मी त्यांना पुसाकडे नेले. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून मी त्यांना वळूची सारी हकीकत सांगितली : बिहारचे पुसा, जमैका, ते डोंगर, तो पोर्टलंडचा मुलगा. मुंगसांचे ऐकून ते हसले. डुकरांचे ऐकताना गप्प झाले. वळूचे ऐकून झाल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

“किती वर्सं लागली मनतं त्याले?”

“तीसच्या वर, बाबा.”

“मंग बराबर हाय. तेवढी तं लागतेच.”

थोड्या वेळाने, उठता उठता, दुसरीकडे पाहत ते म्हणाले, “आर्वीच्या बाजारात गवळाऊची एक कालवड पायली हाय. घेऊ का?”

इतक्या वर्षांनी त्यांनी मला पुन्हा गाईबद्दल विचारले होते. पत्रकातले आकडे पाठ असणारा तो कॉलेजातला मुलगा माझ्यात अजून कोठेतरी आहे. तो लगेच उत्तर द्यायला सरसावला. मी त्याला थांबवले.

“तुम्हाला काय वाटतं, बाबा?” मी विचारले. रस्त्यावरची बस येईपर्यंत ते त्या कालवडीविषयीच सांगत राहिले.